थर्मोस्टॅटला कुलूप लावणाऱ्यांना एक खुलं पत्र

आदरणीय घरमालक, आणि तुमच्या वतीने घराचं सगळं बघणाऱ्या एजन्सीतले सर-मॅडम,

पत्र खुलं का लिहितेय, तर बंद पाठवलेली सहा झाली. प्रत्येकाला तेच उत्तर आलं की तुमची तक्रार नोंदवली आहे, सोबत एक नंबर. माझ्याकडे आता सहा नंबर आहेत आणि खोलीत तेरा अंश. म्हणून म्हटलं आता सगळ्यांसमोरच बोलूया, आणि अशाच घरांत राहणारी जी बाकीची मुलं-मुली आहेत त्यांनाही कळू दे की बिल वाढतं ते नेमकं कशाने.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. जुनं तीन मजली घर, नऊ खोल्या, नऊ विद्यार्थी, एक स्वयंपाकघर, एक बसायची खोली, दोन बाथरूम, एक बॉयलर. हा बॉयलर पाणी तापवतो आणि ते पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये, म्हणजे भिंतीलगतच्या धातूच्या पोकळ पाट्यांत फिरतं, तेच आमचं हीटिंग. हीटिंगचा खर्च भाड्यात धरलेला, पण एका मर्यादेपर्यंत, त्यावर गेलं की जादाचं नऊ जणांत सारखं वाटून घ्यायचं. गेल्या महिन्यात मर्यादा ओलांडली. लगेच एजन्सीची मेल आली, 'नवीन हीटिंग धोरण'. म्हणजे काय, तर थर्मोस्टॅट, म्हणजे घर किती अंशांपर्यंत तापवून बॉयलर थांबवायचा ते ठरवणारं यंत्र, १७ वर लावून त्यावर प्लॅस्टिकचा डबा आणि डब्याला कुलूप. हीटिंग सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते १०, बाकी वेळ बंद. खोलीत स्वतःचा हीटर वापरायचा नाही. आणि भिंतीवर बुरशी दिसली तर ती 'राहण्याच्या सवयींमुळे' आलीय असं समजून सफाईचा खर्च डिपॉझिटमधून कापणार.

मी तळमजल्यावर मागच्या खोलीत राहते. ही खोली नंतर बांधलेली, तीन बाजूंनी बाहेरच्या भिंती, खिडकीला एकेरी काच. मी संशोधन करते, म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ याच खोलीत टेबलाशी बसून टाइप करत असते, सकाळी आठला हीटिंग बंद झालं की संध्याकाळी सहापर्यंत मी आणि माझी बोटं. सोमवारी सकाळी सातला, म्हणजे हीटिंग चालू होऊन तासभर झाल्यावर, खोलीत १३.५ होतं. त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावर पायऱ्यांजवळच्या खोलीत २५ होतं आणि तिथला मुलगा खिडकी उघडून झोपला होता. एकच घर, एकच बॉयलर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

तुमच्या माणसाने येऊन तपासलं होतं, हे खरं आहे. पण त्याने थर्मामीटर ठेवला तिसऱ्या मजल्यावर. 'घर व्यवस्थित गरम होतंय' असा शेरा मारून गेला आणि जाताना त्या खिडकी उघडणाऱ्या मुलाचा फोटो काढून नेला, जो पुढच्या मेलमध्ये उधळपट्टीचा पुरावा म्हणून आला. अहो पण तो बिचारा खिडकी उघडणार नाही तर काय करणार, त्याच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह दोन वर्षं अडकलाय, फिरतच नाही. ही तक्रार क्रमांक दोन.

आता मुद्द्यावर येते. माझं म्हणणं एवढंच आहे की घर स्वस्तात गरम करायचं असेल तर आधी उष्णता जाते कुठे ते शोधायला लागतं, किती अंशांवर कुलूप लावायचं हा प्रश्न फार नंतरचा. आणि हे मी चिडून म्हणत नाहीये, हिशोब मांडते, तुम्हीही करून बघा.

कुलपाने किती वाचतं? घरातून उष्णता बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात, ढोबळ मानाने न्यूटनने १७०१ साली मांडलेलाच नियम. बाहेर ५ अंश आणि आत २० असेल तर फरक १५, म्हणजे एक अंश कमी केला तर साधारण सात टक्के वाचतात. चांगलंय, वाचवा, कोण नको म्हणतंय. पण वर माळ्यावर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, नाही, मी शिडी लावून स्वतः बघितलंय, नुसत्या फळ्या आणि वर कौलं. उघड्या छपरातून जेवढी उष्णता जाते त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी उष्णता पाऊण फूट जाडीच्या ग्लासवूलमधून, म्हणजे काचतंतूंच्या गादीतून, जाते. वर छप्पर उघडं आणि खाली आम्ही एकेका अंशासाठी भांडतोय. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यात दळणारीला सांगायचं की जरा कमी दळ.

मग तो थर्मोस्टॅट बसवलाय कुठे ते बघा. मुख्य दाराशेजारी, कॉरिडॉरमध्ये. नऊ माणसं दिवसभर ये-जा करतात, दार सतत उघडतं, दाराखाली बोट जाईल एवढी फट होती. त्या थर्मोस्टॅटला कायम वाटतं की घर थंडगार आहे. मग ते सहा तास बॉयलर एकदाही थांबत नाही, कारण कॉरिडॉर १७ ला पोचतच नाही कधी! त्याला १७ वर ठेवा नाहीतर २१ वर, आमच्या घरात काडीचा फरक पडत नाही. म्हणजे ज्या गोष्टीला तुम्ही कुलूप लावलंत ती गोष्ट मुळात काही ठरवतच नव्हती.

खरी गडबड रेडिएटरांच्या बॅलन्सिंगमध्ये आहे. हा शब्द मला दोन महिन्यांपूर्वी माहीत नव्हता. पाणी नेहमी सोप्या वाटेने जातं, त्यामुळे पाइपांच्या जाळ्यात जे रेडिएटर सोयीच्या जागी आहेत ते सगळं गरम पाणी ओढून घेतात आणि टोकाच्या रेडिएटरला कोमट चूळ भरायला येतं तेवढं. प्रत्येक रेडिएटरला दुसऱ्या बाजूला एक टोपी घातलेला व्हॉल्व्ह असतो, लॉकशील्ड, तो जवळच्यांचा थोडा आवळायचा आणि लांबच्यांचा मोकळा ठेवायचा. एका प्लंबरचं एका दिवसाचं काम, सामान जवळपास शून्य. माझा रेडिएटर वर कोमट आणि खाली गार आहे, म्हणजे तळाशी गंजाचा काळा गाळ बसलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघींचा उलटा, खाली गरम वर गार, म्हणजे हवा अडकलीय. ती हवा आम्ही काढली, किल्ली विकत आणून, सिस्टिम बंद करून, खाली फडकं धरून, आणि नंतर बॉयलरचा दाब कमी झाला तर तो भरलाही. गाळ मात्र आम्ही काढू शकत नाही. ही तक्रार क्रमांक चार, नोव्हेंबरपासून भिजत घोंगडं.

अजून एक. बॉयलर कंडेन्सिंग आहे, पाटीवर लिहिलंय. त्याची गंमत अशी की रेडिएटरांतून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ आतच थंड होऊन पाणी बनते आणि तिची उष्णता आपल्याला मिळते. आपल्या बॉयलरवर पाणी ८० वर पाठवायचं सेटिंग आहे, म्हणजे महागातला बॉयलर घेऊन त्याला साध्या बॉयलरसारखा वापरायचा. ते खाली आणा, ६० करा, अजून खाली जमलं तर बघा. (गरम पाण्याच्या टाकीचं सेटिंग वेगळं असतं, ते मात्र ६० च्या खाली नेऊ नका, लीजिओनेला नावाचा जंतू कोमट पाण्यात वाढतो. हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर उत्साहाच्या भरात तेही कमी करून त्यालाही कुलूप लावाल.) पण पाणी कमी गरम पाठवलं की घर हळूहळू तापतं, त्यामुळे दोन-चार तासांचे तुकडे चालत नाहीत, आधीपासून चालू करावं लागतं. चोवीस तास चालू ठेवा असं मी म्हणत नाहीये, घर जितका वेळ गरम राहील तितका वेळ गळणारच. पण आपलं वेळापत्रक ज्याने बनवलं त्याने असं धरलेलं दिसतं की विद्यार्थी आठला निघतात आणि सहाला येतात. आमच्यात एकजण रात्रपाळी करून सकाळी नऊला झोपतो, दोघींचे वर्ग दुपारी असतात, मी घरीच असते. असं ऑफिसवाल्यांचं घर नाहीये हे.

आता बुरशी. इथे मला खरंच राग आला म्हणून जरा लांब लिहिते. तुमच्या मेलमध्ये लिहिलंय की बुरशी आमच्या सवयींमुळे येते. अर्धं खरं आहे. नऊ माणसं श्वास घेतात, आंघोळ करतात, स्वयंपाक करतात, कपड्यांचा एक लोड घरात वाळवला की दोन-एक लिटर पाणी हवेत जातं. ते कबूल. पण २० अंशांच्या हवेत ६० टक्के आर्द्रता असेल, जी काही फार नाही, आणि तीच हवा १४ अंशांवर आली, तर पाण्याचा एक थेंबही न वाढवता आर्द्रता जवळपास ८८ टक्के होते. भिंतीलगत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली की बुरशी धरते. म्हणजे तुम्ही दिवसाचे दहा तास हीटिंग बंद करून माझी खोली गार केलीत, त्यातून जी बुरशी आली तिचे पैसे परत माझ्याच डिपॉझिटमधून कापणार. चोर सोडून संन्याशाला फाशी दुसरी कशाला म्हणायची? बाथरूममधला पंखा वर्षभर बंद आहे, स्वयंपाकघरातला नुसता आवाज करतो. कपडे वाळवायला जागा दिलेली नाही, बाहेर वाळत नाहीत, मग रेडिएटरवरच टाकणार ना कुणीही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांबद्दल ज्या शिफारशी दिल्या त्यात थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश सुरक्षित धरलेत, आणि म्हाताऱ्या-आजाऱ्यांना, लहान मुलांना त्याहून जास्त लागू शकतं असंही म्हटलंय. तुमचं १७ त्याच्याही खाली, आणि ते १७ सुद्धा कागदावरचं. आमच्यातल्या एकीला दमा आहे. तिच्या पलंगामागे काळे ठिपके आलेत. तिने पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढलाय, रोज सकाळी खिडकीच्या काचा पुसते, अजून काय करायचं तिने?

हीटरबंदीबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, आश्चर्य वाटेल. नऊ खोल्यांत २ किलोवॅटचे नऊ हीटर एकदम लागले तर १८ किलोवॅट, २३० व्होल्टला ७८ अँपिअर, आणि या घरातली वायरिंग बघता, वर हीटर एक्स्टेंशन बोर्डवर लावायची आपली सवय बघता, आग लागायला वेळ लागणार नाही. शिवाय ते महागातच पडतं. विजेचा कुठलाही साधा हीटर, तेलाचा असो, पंख्याचा असो, 'पॉवर सेव्हर' लिहिलेला असो, एक युनिट खाऊन एकच युनिट उष्णता देतो, त्यापलीकडे काही नाही. पण लोकांनी हीटर आणले कधी? रेडिएटर गार पडल्यावर. तुम्ही बंदी घातली आणि गार रेडिएटर तसेच ठेवले.

आमच्याही चुका आहेत, त्या इथेच लिहून टाकते म्हणजे नंतर कुणी उकरून काढायला नको. सोफा रेडिएटरला चिकटवून ठेवला होता, तो हलवला. पडदे रेडिएटरवर लोंबत होते, ते वर खोचले. व्हॉल्व्ह ५ वर फिरवला की खोली लवकर तापते असं आम्ही अर्धे जण समजत होतो, तसं काही नसतं, तो नळ नाहीये, किती अंशांवर थांबायचं ते तो आकडा सांगतो, ३ म्हणजे साधारण २० अंश. एकाने खिडकी दिवसभर फटीएवढी उघडी ठेवायची सवय लावली होती कारण 'हवा खेळती पाहिजे'. त्याला हिशोब करून दाखवला, माझ्या खोलीएवढ्या, म्हणजे ४० घनमीटर खोलीतली सगळीच्या सगळी हवा बदलून परत १५ अंशांनी गरम करायला ०.२ युनिट लागतात फक्त, त्यामुळे दहा मिनिटं खिडकी सताड उघडून बंद करणं परवडतं, दिवसभराची फट परवडत नाही कारण तिच्यातून हवा अखंड बदलत राहते आणि भिंतही गार होते. आता सकाळ-संध्याकाळ तसं करतो. रात्री बाकीचे लोक विजेचं ब्लँकेट वापरतात, १०० वॅटचं असलं तरी आठ तासांत ०.८ युनिट, हीटर तेवढं पंचवीस मिनिटांत संपवतो. आणि संध्याकाळी आपापल्या खोलीत न बसता सगळे बसायच्या खोलीत बसतो. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, नऊ जण म्हणजे जवळपास किलोवॅटचा हीटर, शिवाय गप्पा फुकट. अभ्यास मात्र होत नाही तिथे, तो माझा प्रश्न.

दाराखालची फट आम्ही पट्टी लावून बुजवली. न वापरलेल्या शेकोटीच्या धुराड्यातून वारा भसाभसा यायचा, त्यात उशी कोंबलीय, वर चिठ्ठी लावलीय की इथे आग पेटवू नये. हे सगळं आमच्या खर्चाने.

तर मागण्या. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारं विजेचं यंत्र) बसवा, सगळ्या काचा बदला असं काही मी मागत नाहीये. हीट पंप एका युनिटमध्ये तीन-एक युनिट उष्णता देतो हे वाचून मीही हरखले होते, पण गळक्या घरात, असल्या रेडिएटरांवर तो आधी बसवणं म्हणजे वरातीमागून घोडं नाही तर घोड्याआधी वरात. ते पुढे कधीतरी. या हिवाळ्यात मात्र एवढं हवंय:

१. डबा काढा. थर्मोस्टॅट दाराजवळून हलवून बसायच्या खोलीत लावा, १९ वर ठेवूया, कुणी त्याच्या वर नेणार नाही, आम्ही नऊ जण सही करून देतो. त्या खोलीतल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर व्हॉल्व्ह आणि थर्मोस्टॅट यांचं भांडण होतं.

२. रेडिएटर बॅलन्स करून द्या, अडकलेले व्हॉल्व्ह बदला, माझा आणि शेजारच्या खोलीचा गाळ काढा. बॉयलरचं पाणी ८० वरून खाली आणा.

३. माळ्यावर इन्सुलेशन. ही एकच गोष्ट खर्चाची आहे, आणि ती तुमच्याच घराला कायमची लागते, आम्ही दोन वर्षांत जाणार.

४. बाथरूम आणि स्वयंपाकघरातले पंखे चालू करा. बुरशीचा खर्च डिपॉझिटमधून कापायचं कलम मागे घ्या, निदान वरचं सगळं होईपर्यंत तरी.

५. मीटरचं रीडिंग दर महिन्याला आम्हाला दाखवा. मर्यादा ओलांडली म्हणता, पण किती युनिटला, कुठल्या तारखेपासून, हे आजवर कुणी सांगितलं नाही. जादाचा वाटा भरायला आम्ही तयार आहोत, आकडा बघून.

६. बॉयलरची शेवटची सर्व्हिस कधी झाली त्याचा कागद दाखवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे बॉयलर नीट जळला नाही तर निघणाऱ्या विषारी वायूचा, अलार्म बसवा. खरं तर हे पहिलं लिहायला हवं होतं. त्या वायूला वास नसतो, आणि आम्ही फटी बुजवत सुटलोय.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, नोंदणी क्रमांक नको, कुठलं काम कुठल्या तारखेला होणार ते लिहा. जे करणार नसाल तेही लिहा, म्हणजे कुठे दाद मागायची ते आम्हाला ठरवता येईल. भाडं आम्ही वेळेवर भरतोय आणि भरत राहू, त्यावरून कुणाला काही बोलायला जागा नको.

तोवर आम्ही रोज सकाळी सात आणि रात्री दहाला नऊही खोल्यांचं तापमान वहीत लिहितोय, बाहेरचंही. वही स्वयंपाकघरात फ्रीजवर दोरीने बांधलीय, कुणीही येऊन बघा. फक्त येताना थर्मामीटर तळमजल्यावर मागच्या खोलीत ठेवा. आणि बेल वाजवू नका, बंद आहे, दार ठोका. ती तक्रार क्रमांक सहा.

तुमची,
खोली क्रमांक १
(आणि बाकीचे आठ, वाचून, दोन ठिकाणी भांडून, शेवटी मान्य करून)